चिऱ्याच्या भिंतीवर ६५ इंची टीव्ही

मोठा टीव्ही घ्यायचं ठरलं ते बाबांसाठी. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नजर सुधारली, तरी ३२ इंची पडद्यावरचा धावफलक त्यांना आरामखुर्चीतून वाचता येईना. ६५ इंची घ्यायचा म्हटल्यावर तो कपाटावर ठेवायचा विचार मी लगेच सोडून दिला. चतुर्थीला आमच्याकडे नणंदांची आणि दिरांची मिळून घरभर मुलं असतात. एवढा रुंद, पातळ टीव्ही दोन बारीक पायांवर उभा, आणि मागून एखाद्या मुलानं वायर ओढली तर तो पुढेच येणार. तेव्हा भिंतीवर लावायचा हे नक्की झालं.

अडचण होती ती भिंतीची. आमचं घर फोंड्याच्या बाजूला, जुनं, चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं. बाहेरच्या भिंती दीड फुटी, मातीत रचलेल्या. आतल्या काही भिंती नंतर घातलेल्या, नऊ इंची. सगळ्यावर आधी चुन्याचा गिलावा आणि त्यावर पुढे कधीतरी मारलेला सिमेंटचा हात. गोव्यात अशी घरं ठायी ठायी आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. टीव्हीच्या खोक्यातल्या कागदावर जी भिंत गृहीत धरलेली असते, ती आपल्याकडे नसते.

टीव्हीबरोबर बसवून द्यायला माणूस आला. त्यानं ब्रॅकेट भिंतीला धरून पेन्सिलनं खुणा केल्या, मशीन हॅमरवर टाकलं आणि पहिलं छिद्र पाडलं. तोंडाशी ते बोटभर रुंद झालं, कडेचा गिलावा फुटला. त्यात त्यानं प्लास्टिकची गिट्टी ठोकली, स्क्रू फिरवला. स्क्रू शेवटपर्यंत गेला आणि नंतरही फिरतच राहिला. तो म्हणाला, ‘‘मॅडम, चार स्क्रूंवर वजन वाटलं जातं, काही होत नाही.’’ मी पक्कड घेऊन तो स्क्रू सरळ ओढला. गिट्टीसकट हातात आला, मागोमाग गिलाव्याचा तुकडा. मी त्याला नम्रपणे थांबवलं, ब्रॅकेट ठेवून घेतलं आणि काम अपुरं राहिल्याचं त्याच्याकडून लिहून घेतलं. त्याचा दोष मी फार धरत नाही. त्याला दिवसात कितीतरी घरं करायची असतात आणि हातात सगळीकडे एकच पुडी असते. पण त्या पुडीतल्या गिट्ट्या काँक्रीट आणि भरीव विटेसाठी असतात.

चिऱ्याचं वागणं वेगळं. खाणीत तो मऊ असतो, हत्यारानं कापता येतो, आणि हवा लागली की कडक होतो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरानं मलबारात अंगाडिपुरमला हे पाहून १८०७ साली नोंदवून ठेवलं आहे. बांधणाऱ्याला हा गुण सोन्यासारखा. पण कडक होते ती वरची बाजू. आत चिरा सच्छिद्र असतो, त्यात नळ्यांसारख्या पोकळ्या असतात आणि त्यांत पिवळी माती भरलेली असते. एकाच चिऱ्यात एका जागी ड्रिल जोर मागतं आणि चार बोटं सरकलं की लोण्यात गेल्यासारखं आत जातं. गिट्टी किंवा फुगणारा लोखंडी फास्टनर भिंतीला बाहेरच्या दिशेनं दाबून धरतो. दाबायला समोर कठीण काही असेल तरच तो धरेल. पोकळी आली की पकड गेली, आणि मऊ दगड असला तर दाबानंच तो भुगा होतो.

त्यात गिलावा. आमच्याकडे तो तब्बल इंचभर निघाला. म्हणजे ६० मिलिमीटरचा स्क्रू घातला की २५ मिलिमीटर गिलाव्यात फुकट. गिलावा वजन पेलत नाही. खोली मोजायची ती दगड लागतो तिथपासून.

मग मी आमच्या वाड्यावरच्या मेस्त्रींना बोलावलं. चतुर्थीला निम्म्या वाड्याच्या माटोळ्या तेच बांधतात. नारळाचे घड, सुपारीचे कातरे, तोरिंग, भोपळा, काकड्या असं सगळं लाकडी चौकटीला बांधून वर टांगायचं, खाली गणपती आणि त्याच्यासमोर माणसं बसलेली. टांगलेल्या वजनाची जबाबदारी काय असते हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. ते आले, टीव्हीकडे पाहिलंसुद्धा नाही. हातोडीच्या मागच्या टोकानं भिंत वाजवत गेले. खणखणीत, खणखणीत, मग भद्द. ‘‘हांगा पोकळ वाजता,’’ म्हणत त्यांनी खडूनं गोल केला. थोड्या वेळात भिंतीवर खडूचे गोल आणि फुल्या उमटल्या. गोल म्हणजे गिलावा सुटलेला किंवा सांधा, फुली म्हणजे भरीव चिरा.

तोवर मी टीव्ही बसवायच्या जागेचा विचार करत होते. पश्चिमेची भिंत मोकळी होती, पण पावसाचा मारा तिच्यावर, जुलैत ती हाताला गार आणि दमट लागते. तिच्यावर टीव्ही लावला तर मागच्या जाळीतून ती ओल आत जाणार. म्हणून हॉल आणि मधली खोली यांच्यामधली नऊ इंची भिंत निवडली. दोन्हीकडून कोरडी, वरून छप्पर गळत नाही, मागे नळ नाही.

उंचीसाठी आम्ही जुनी वर्तमानपत्रं चिकटवून १४४ बाय ८१ सेंटिमीटरचा कागद केला. ६५ इंची पडदा साधारण तेवढाच भरतो. तो टेपनं भिंतीवर लावला आणि बाबांना त्यांच्या खुर्चीत बसवलं. पहिल्यांदा कागद आम्ही सगळ्यांना सवय असते तितका, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत लावला होता. बाबा मिनिटभर बघत राहिले आणि मान चोळायला लागले. ‘‘खाली घे गं, देवळाच्या कळसाकडे बघितल्यासारखं वाटतंय.’’ खाली घेत घेत कागदाचा मध्य जमिनीपासून ११० सेंटिमीटरवर आला. खालची कड ७० सेंटिमीटरवर. साध्या खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे १०५ ते ११० सेंटिमीटरवर असतात, तेव्हा हे गणित बहुतेक घरांत असंच येईल.

इथे एक गोष्ट बघून घ्यायला हवी. टीव्हीच्या पाठीवरची चार भोकं पडद्याच्या बरोबर मध्यावर असतातच असं नाही. आमच्या टीव्हीची खाली सरकलेली होती. भोकांमधलं अंतर व्हेसा या टीव्ही टांगायच्या मानकाच्या मापांत ठरलेलं असतं, २०० बाय २००, ४०० बाय ३००, ४०० बाय ४०० मिलिमीटर वगैरे. पण ती चौकट पडद्यावर कुठे बसते हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं. टीव्हीची खालची कड ते भोकं, आणि भोकं ते ब्रॅकेटचा हूक, अशी दोन्ही अंतरं मोजून मगच भिंतीवर खूण केली.

ब्रॅकेट कोणतं, यावर घरात चर्चा झाली. दिरांना हात बाहेर येणारं हवं होतं, स्वयंपाकघराकडे टीव्ही वळवता यावा म्हणून. मी कागदावर हिशेब मांडून दाखवला. टीव्ही २२ किलो. चिकटून बसणाऱ्या ब्रॅकेटवर त्याचं वजन भिंतीपासून साधारण ५ सेंटिमीटरवर येतं. वरच्या आणि खालच्या बोल्टमध्ये २० सेंटिमीटर अंतर धरलं, तर वरच्या बोल्टांना बाहेर ओढणारा जोर २२ गुणिले ५ भागिले २०, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. तोच टीव्ही हातावर ५० सेंटिमीटर बाहेर काढला की जोर ५५ किलो. वजन तेच, ओढ दहापट. आणि हात बाहेर असताना कुणी मूल कडेला लोंबकळलं तर त्याचं वजनही त्याच अंतरानं गुणलं जातं. काँक्रीटची भिंत असती तर मी ऐकलं असतं. चिऱ्याच्या भिंतीला मी चिकटून बसणारं ब्रॅकेटच घेतलं. दिरांनी हिशेब पुन्हा स्वतः करून पाहिला आणि वाद मिटला.

मेस्त्रींचं म्हणणं असं की ब्रॅकेट सरळ भिंतीला न लावता आधी फळी लावू. ब्रॅकेटची भोकं जिथे येतील तिथे चिरा चांगला असेलच असं नाही. फळी रुंद घेतली की आपल्याला हवा तो चिरा निवडता येतो आणि वजन एका चिऱ्यावर न पडता चार-सहा चिऱ्यांवर पडतं. १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय घेतला, आयएस ७१० या भारतीय मानकाच्या शिक्क्याचा. आयएस ३०३ चा साधा प्लाय स्वस्त पडतो, पण आपल्याकडच्या पावसात पैसे वाचवायची ही जागा नव्हे. कापलेल्या कडांना त्यांनी प्रायमर आणि दोन हात रंग दिला, कारण ओल शिरते ती कडेतूनच. ब्रॅकेटचे बोल्ट फळीच्या मागून, मोठे वॉशर घालून पुढे काढले. लाकडात पिळलेल्या स्क्रूंवर टीव्ही टांगायचा प्रश्नच उरला नाही.

भिंतीत धरायला फास्टनरऐवजी केमिकल अँकर. म्हापशाला आणि मडगावला मोठ्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळतं, बंदुकीत घालायची ट्यूब. राळ आणि कडक करणारं रसायन वेगवेगळं भरलेलं असतं, ते टोकाच्या नळीत मिसळतं. हे भिंतीला दाबत नाही, चिऱ्याच्या छिद्रांत शिरून चिकटतं. म्हणजे जो सच्छिद्रपणा गिट्टीला नडतो, तोच इथे उपयोगी येतो. पोकळीत सगळी राळ वाहून जाऊ नये म्हणून बरोबर प्लास्टिकच्या जाळीदार नळ्या मिळतात. त्या घ्यायच्याच. आमच्या एम ८ च्या, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीच्या आटेदार सळ्यांना १६ मिलिमीटर व्यासाच्या, ८५ मिलिमीटर लांबीच्या नळ्या लागल्या. सळ्या, नट, वॉशर सगळं स्टेनलेस स्टीलचं. आम्ही समुद्रापासून आत आहोत, म्हणून ३०४ प्रतीचं चाललं. कळंगुट किंवा कोलव्याला किनाऱ्यालगत घर असेल तर खाऱ्या हवेसाठी ३१६ मागून घ्यावं. खोक्यातले पिवळट मुलाम्याचे स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजतात, आणि गंज डोक्यावर दिसतो तेव्हा आत तो आधीच पोचलेला असतो.

ड्रिल करण्याआधी मेन बंद केला. त्याआधी वायर शोधायचं छोटं यंत्र भिंतीवरून फिरवून घेतलं. बटणांच्या पाटीपासून वायर सरळ वर किंवा सरळ आडवी गेलेली असते असं धरून चालतो, पण जुन्या घरात ती कुठूनही तिरकी गेलेली असू शकते. आमची एक तशीच निघाली. ती पट्टी सोडून खुणा केल्या. मशीन मेस्त्रींनी स्वतःच्या घरून आणलं होतं, ते शेजारच्या घरातून वायर ओढून चालवलं.

आता जे पाहिलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. मेस्त्रींनी हॅमर बंद ठेवला, नुसतं फिरवून छिद्र पाडलं. टोकाला खोलीसाठी इन्सुलेशन टेपची खूण. छिद्राखाली मी घडी घातलेला पांढरा कागद धरला होता. आधी राखाडी भुकटी पडली, सिमेंटचा हात. मग पांढरी, चुन्याची. मग एकदम लाल-तपकिरी, जाड, थोडी ओलसर. ‘‘चिरो बरो आसा,’’ ते म्हणाले. भिंतीच्या आत काय आहे ते त्या कागदावर थरांत मांडून ठेवलं होतं. पुढच्या एका छिद्रात पांढऱ्यानंतर पिवळी, पिठासारखी माती आली आणि ड्रिल आपोआप आत गेलं. सांधा लागला होता. ते छिद्र त्यांनी सोडून दिलं, सिमेंटनं बुजवलं आणि ‘‘मातशें वयर’’ (जरा वर) म्हणत दुसरी खूण केली. फळी असल्यामुळे हे करता आलं. ब्रॅकेट थेट लावलं असतं तर त्याच सांध्यात ते बसवावं लागलं असतं.

छिद्रं साफ करायला आम्हाला ती पाडण्याहून जास्त वेळ लागला. फुंकणीच्या पंपानं हवा, मग बाटल्या धुवायच्या गोल ब्रशासारखा तारेचा ब्रश, मग पुन्हा हवा, आणि कागदावर काही पडेनासं होईपर्यंत तेच. राळ भुकटीला चिकटली तर भिंतीला चिकटतच नाही, सळी दुसऱ्या दिवशी राळेच्या कोषासकट बाहेर येते. ट्यूबमधली पहिली दोन-तीन पिचकाऱ्यांची राळ कागदावर टाकून दिली, रंग एकसारखा होईतो. मग जाळीची नळी तळापासून भरत बाहेर आलो आणि सळी फिरवत फिरवत आत सरकवली. उन्हाळ्याच्या दिवसांत हात चलाख लागतात, राळ काही मिनिटांतच घट्ट होऊ लागते. पूर्ण कडक व्हायचा वेळ ट्यूबवरच्या तक्त्यात तापमानाप्रमाणे दिलेला असतो, आणि भिंत ओलसर असेल तर तो दुप्पट धरायचा. आम्ही रात्रभर कशालाच हात लावला नाही.

सकाळी प्रत्येक सळीवर आधी एक नट आणि वॉशर चढवला, त्यावर फळी, पुढून पुन्हा वॉशर आणि नट. मागच्या नटांमुळे फळी भिंतीपासून सेंटिमीटरभर सुटी राहिली. याचे दोन फायदे. जुना गिलावा कधी सपाट नसतो, आमच्याकडे मध्ये पोट आलेलं होतं. मागचे नट पुढेमागे करून मेस्त्रींनी फळी ओळंब्यात आणली, आडवी पाणसळ लावून पाहिली. आणि मागे हवा खेळती राहिली, म्हणजे पावसाळ्यात फळीमागे बुरशी धरणार नाही.

टीव्ही लावण्याआधी फळीची परीक्षा घ्यायची हा माझा हट्ट होता. ब्रॅकेट बसवलं आणि त्याला दोरानं तांदळाच्या २५ किलोच्या चार गोण्या टांगल्या. टीव्हीच्या चौपटीहून जास्त वजन. फळीची वरची कड आणि भिंत यांच्यातलं अंतर पोलादी पट्टीनं मोजून पेन्सिलनं लिहून ठेवलं होतं. गोण्या दुसऱ्या सकाळपर्यंत तशाच ठेवल्या आणि पुन्हा मोजलं. अंतर तेवढंच. सळ्यांभोवती गिलाव्याला एकही चीर नाही. मग बाबांनीही हात लावून बघितलं आणि मान हलवली.

टीव्हीच्या पाठीला पट्ट्या लावताना स्क्रूची लांबी फार जपून बघावी. लांब स्क्रू आत पॅनेलला किंवा बोर्डाला लागतो, आखूड दोन-तीन आट्यांवरच राहतो. आधी हातानं स्क्रू नुसता आत सोडून किती आट्यांवर अडतो ते पाहिलं, त्याप्रमाणे स्पेसर निवडला. टीव्ही आडवा टाकला नाही, उभाच ठेवून दिरांनी धरला. उचलताना एक एका टोकाला, दुसरा दुसऱ्या टोकाला, हात खालून आणि कडेला, पडद्यावर अंगठासुद्धा नाही. मी बाजूला वाकून हूक बघत होते. दोन्ही हूक बसल्याचा आवाज आला तरी मी सोडू दिलं नाही. खालचे दोन अडकवायचे स्क्रू आवळून झाले तेव्हाच ‘‘सोडा’’ म्हटलं. ते खालचे स्क्रू बऱ्याच घरांत पुडीतच राहतात. मुलानं खालून टीव्ही वर ढकलला तर हुकातून सुटू नये म्हणून ते असतात.

विजेचं काम मी इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं. टीव्हीच्या मागे, दिसणार नाही अशा जागी तीन पिनांचा सॉकेट, अर्थिंग तपासून, आणि वायर भिंत न खोदता केसिंग पट्टीतून. चिऱ्याची भिंत खोदून वायर पुरायची म्हणजे पुन्हा गिलावा सैल करायचा. बटण मात्र खाली हाताशी ठेवलं. जूनच्या तोंडाला आणि परतीच्या पावसात आमच्याकडे विजा फार कडाडतात, तेव्हा बटण बंद करून भागत नाही, पिन आणि केबल दोन्ही काढून ठेवतो. सॉकेट टीव्हीच्या कडेपासून हात पोचेल एवढाच आत असावा, हे आधीच सांगितलं म्हणून बरं झालं.

पहिला पावसाळा सरत आल्यावर मेस्त्री माटोळीची चौकट उतरवायला आले होते, तेव्हा नट पान्यानं तपासून घेतले. एकही फिरला नाही. फळीमागे टॉर्च मारून पाहिलं, कोळ्याची जाळी होती, बुरशी नव्हती. अंतर पुन्हा मोजलं, पेन्सिलचा आकडा तोच.

पर्वरीला राहणाऱ्या नणंदेनं चतुर्थीत हे सगळं पाहिलं आणि आपल्या फ्लॅटमध्येही असंच करायचं म्हणाली. मी तिला आधी एक बारीक छिद्र पाडून खाली कागद धरायला सांगितलं. तिचा फोन आला: राखाडी भुकटी पडली आणि दोन बोटांवर ड्रिल रिकाम्यात गेलं. पोकळ सिमेंट ब्लॉक. तिथे राळ चालेल, पण जाळीशिवाय भरली तर सगळी ब्लॉकच्या पोटात पडेल आणि सळी कशालाच धरणार नाही. तिच्या हॉलच्या एका टोकाला काँक्रीटचा कॉलम आहे, दीड फूट रुंद. टीव्ही तिकडे सरकवला तर काँक्रीटचे साधे फास्टनर पुरतील आणि खर्चही कमी येईल. ती आता सोफा कुठे हलवायचा ते बघते आहे.